एक दिवसाची पिल्लं आणि बल्बची ऊब

अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाच्या अंगावर लव असते, पण ती ऊब धरून ठेवायला पुरत नाही. पिसं पुरती यायला पाच-सहा आठवडे लागतात. तोवर खुडूक कोंबडी पिल्लांना पोटाखाली घेते. हॅचरीतून आणलेल्या पिल्लांना ब्रूडर, म्हणजे बल्बने ऊब दिलेली बंदिस्त जागा, लागतो.

२५ पिल्लांना ४ फूट व्यासाचं, दीड फूट उंच, पुठ्ठ्याचं किंवा पत्र्याचं कडं पुरतं. ते गोलच हवं. कोपरा मिळाला की गारठलेली पिल्लं तिथे एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. तळाला २ इंच भाताचं तूस पसरा. पहिले दोन-तीन दिवस त्यावर खरबरीत कागद ठेवा, नाहीतर पिल्लं तूसच टिपत बसतात. गुळगुळीत वर्तमानपत्र नको, त्यावरून घसरून पाय फाकतात.

६० वॉटचे दोन बल्ब दीड फुटावर टांगा. दोन अशासाठी, की रात्री एक उडाला तर दुसरा असतो. एलईडी बल्ब इथे निकामी, त्यातून उजेड मिळतो, ऊब नाही. वीज जाते म्हणून कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवणं तर जिवाशी खेळ.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअस हवं. पुढे दर आठवड्याला ३ अंश कमी करत जा. तरी थर्मामीटरपेक्षा पिल्लांवर विश्वास ठेवावा. बल्बखाली गोळा होऊन चिवचिवाट चालला असेल तर त्यांना थंडी वाजतेय. चोची उघड्या टाकून कडेला गेली तर बल्ब वर घ्या. सगळी एकाच बाजूला सरकली, तर समोरून वारा येतोय.

आल्या आल्या आधी कोमट पाणी, प्रत्येकाची चोच एकदा बुडवून. मग चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं खाद्य. पाण्याचं भांडं उथळ असावं, खोल भांड्यात पिल्लं भिजतात, बुडतातही. रोज शेपटीखाली पाहा: विष्ठा चिकटून वाळली असेल तर कोमट पाण्याच्या कापसाने भिजवून काढा. ओढू नका, कातडी सोलते.

भांड्याभोवतीचं ओलं तूस रोज काढा. ओलाव्यात कॉक्सिडिया हे आतड्याचे सूक्ष्म परजीवी वाढतात आणि तिसऱ्या आठवड्यापासून रक्ती हगवण लागू शकते. राणीखेत या कोंबड्यांच्या रोगावरची लासोटा लस ५ ते ७ दिवसांत, डोळ्यात एक थेंब. कुपी बर्फातूनच आणायची.