पार्श्वभूमी : वेष्टनावरचा ‘मंत्र’ आणि पार्श्वगायन

कॅसेटच्या वेष्टनावर ‘मंत्र’ छापले असले की आत काय निघेल याचा नेम नसे. ऋग्वेदातली ऋचा, पुराणातले स्तोत्र, गीतेचे श्लोक, अवधीतली चालीसा, सगळे त्याच एका शब्दाखाली. पार्श्वगायकांनी धर्मग्रंथ गावेत की नाही, या वादाची गाठ इथेच बसली आहे.

पडद्यामागून गाण्याची पद्धत 1935 पासूनची. त्या वेळच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम 3 मिनिटे; चालीवरचे पाच-सहा श्लोक मावत. पुढे एलपी म्हणजे लांब चालणाऱ्या तबकडीने एका बाजूला 20 मिनिटे दिली, तेव्हा गीतेचा अख्खा अध्याय एका बाजूला बसू लागला. 12 वा आणि 15 वा प्रत्येकी 20 श्लोकांचे, म्हणून सोयीचे. 18 व्याचे 78 श्लोक कसे बसणार?

खरी उलथापालथ ऐंशीच्या दशकात कॅसेटने केली. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू 30 मिनिटांची. तीत गायत्री 108 वेळा बसवायची तर एका आवर्तनाला जेमतेम पावणेसतरा सेकंद मिळतात. म्हणजे लय आधी ठरते, मंत्र तिच्या मापाने कापला जातो.

स्तोत्रे आणि श्लोक चालीत म्हणायला परंपरेची आडकाठी नाही. कीर्तनकार ते करतच आले आहेत. ऋचेचे तसे नाही. तिला उदात्त (उंच), अनुदात्त (खालचा) आणि स्वरित (उंचावरून उतरणारा) असे स्वर असतात. छापील संहितेत अनुदात्ताखाली आडवी रेघ, स्वरिताच्या डोक्यावर उभी रेघ, उदात्त कोरा. सात सुरांची चाल लावली की या रेघा पुसल्या गेल्या. स्वर चुकला तर अर्थ उलटतो, यासाठी ‘इन्द्रशत्रु’चा दाखला शिक्षाग्रंथांपासून, म्हणजे उच्चारशास्त्राच्या जुन्या ग्रंथांपासून, दिला जातो : अंत्य अक्षर उदात्त असेल तर इंद्राला मारणारा, आद्य असेल तर इंद्र ज्याला मारणार तो. बाईच्या आवाजात गायत्री नको, असाही एक आक्षेप होता. त्यावर जागा खर्चण्यात अर्थ नाही. स्वर बुडवण्यात पुरुष गायक तसूभरही मागे नव्हते.

गायत्री या ऋचेच्या पहिल्या चरणात 8 ऐवजी 7 च अक्षरे भरतात. छंद भरून काढण्यासाठी ‘वरेण्यम्’चे ‘वरेणियम्’ मोजतात. संगीतकार मात्र शेवटचे अक्षर एक मात्रा लांबवून मोकळे होतात.

श्लोकांतही खाचखळगे आहेतच. गीतेतल्या बहुतेक श्लोकांचा छंद अनुष्टुभ; त्याचा चरण 8 अक्षरांचा आणि केरवा हा ताल 8 मात्रांचा, म्हणून जोडी जमली असे वाटते. पण ‘यदा यदा हि’ मधला ‘हि’ लघु, म्हणजे ऱ्हस्व आहे. मात्रेला एक अक्षर वाटले की तो ‘ही’ होतो. हिंदीची सवय असलेला गायक ‘भारत’ शब्दाचा शेवटचा ‘अ’ गिळतो, आणि ‘ग्लानिर्भवति भारत’ सात अक्षरांवर येते. विसर्ग एक तर गायब, नाही तर ‘हा’ म्हणून दणकून.

सोलापुरात हे जास्त टोचते, कारण इथे मराठी, कन्नड आणि तेलुगू कान शेजारी राहतात. ‘ज्ञान’ मराठी घरात ‘द्न्यान’, कन्नड-तेलुगू घरात ‘ग्न्यान’, आणि हिंदी गायकाच्या तोंडी ‘ग्यान’. तिघेही मूळ ज्+ञ पासून दूरच. तरी पूर्व भागातल्या, म्हणजे शहराच्या तेलुगू वस्तीतल्या, घरात पहाटेचे सुप्रभातम् ऐकत वाढलेल्याला चित्रपटी उच्चार लगेच खटकतो. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत त्याच्या प्रतीकात्मक विवाहाचा अक्षता सोहळा होतो; त्यात सम्मती कट्ट्यावर सम्मती, म्हणजे विवाहाची संमतीवचने, वाचली जाते, तिला तबला-पेटी लागत नाही. अर्थात यंत्रमागाच्या खडखडाटात अनुदात्त कुणाला ऐकू येणार, हा प्रश्नही रास्त आहे.

संगणकावर ध्वनिमुद्रण होऊ लागल्यापासून गायत्री 108 वेळा गाण्याचीही गरज उरली नाही. एकच आवर्तन मुद्रित करून पुढे चिकटवता येते. ओळखायची खूण सोपी : ‘धियो यो नः’च्या आधीचा श्वास दर वेळी त्याच जागी, तेवढाच लांब ऐकू येतो.