मुलाम्याची जाडी नेमकी कुठे मोजायची? : पार्श्वभूमी

दाराच्या मुठी, कड्या, बिजागऱ्या आणि नळ यांवरचा चकचकीत मुलामा क्रोमचा म्हणून विकला जात असला, तरी त्यातील क्रोमचा थर बहुधा ०.३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असतो. खालच्या पितळेचे किंवा जस्ताच्या ओतीव भागाचे गंजण्यापासून खरे रक्षण क्रोमखालचे निकेल करते आणि त्याची जाडी वापरानुसार ५ ते ४० मायक्रॉन ठरवलेली असते. इतक्या विषम थरांना मोजमापाची एकच पद्धत पुरत नाही.

एकोणिसाव्या शतकात विजेने मुलामा देणे सुरू झाले, तेव्हा वस्तू आधी आणि नंतर तोलणे हाच हिशेब होता. १९२०च्या दशकात क्रोम बाजारात आले आणि पुढच्या दशकांत ठरावीक जागेवरची जाडी पाहण्याच्या रासायनिक पद्धती रूढ झाल्या. क्रोमवर मेणाचे कडे करून त्यात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकायचा आणि बुडबुडे किती सेकंद येतात त्यावरून जाडी काढायची, ही युक्ती आजही मानकांत आहे. निकेल चुंबकीय असल्यामुळे पितळेवरच्या निकेलसाठी चुंबकीय ओढीची साधने आली. वाद झाल्यास वस्तू कापून, राळेत बसवून, घासून तिचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचा मार्ग होताच. परंतु त्यातील अनिश्चितता ०.८ मायक्रॉनपर्यंत जाते, म्हणजे क्रोमच्या थरासाठी तो निरुपयोगी ठरतो.

खरा वाद मात्र साधनांपेक्षा जागेचा होता आणि तो अजून मिटलेला नाही. मुलामा देताना वीजप्रवाह कडा आणि टोकांकडे जास्त धावतो, त्यामुळे तिथे थर जाड बसतो आणि मुठीच्या आतल्या वळणात, कोनाड्यात तो पातळ राहतो. वजनावरून काढलेली सरासरी अशा वस्तूबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. म्हणून मानककर्त्यांनी सरासरीऐवजी किमान स्थानिक जाडी, आणि तीही फक्त दिसण्याच्या किंवा वापराच्या दृष्टीने महत्त्वाच्या पृष्ठभागावर, असा निकष स्वीकारला. तो पृष्ठभाग खरेदीदाराने वस्तूच्या नकाशावर (आराखड्यावर) दाखवावा, आणि दाखवला नसेल तर २० मिलिमीटर व्यासाचा गोळा जिथे जिथे टेकू शकतो तेवढा भाग धरावा, असे ठरले. प्लेटिंग करणाऱ्यांच्या बाजूने हा नियम न्याय्य होता, कारण खोल खाचेत पूर्ण जाडी बसवायची तर कडांवर कित्येक पट धातू वाया जातो. परंतु घाम आणि ओल साचतात त्या मुठीच्या आतल्या कोपऱ्यात हा गोळा पोचतच नाही. गंजाची सुरुवात बहुधा तिथूनच होते आणि कागदोपत्री वस्तू निर्दोष राहते. खरेदीदारांनी नकाशावर जागा दाखवण्याचा आपला हक्क क्वचितच वापरला, ही या इतिहासातील मोठी उणीव मानावी लागेल.

पुढे थर वीजरासायनिक रीतीने विरघळवून लागलेल्या विद्युतभारावरून जाडी काढणारी कूलोमेट्रिक पद्धत स्थिरावली. गंधकरहित अर्धचमकदार निकेलवर गंधकयुक्त चमकदार निकेल देण्याची दुहेरी रीत आल्यावर तिचे महत्त्व वाढले, कारण याच तत्त्वावर दोन्ही थरांची वेगवेगळी जाडी आणि त्यांच्यातील विभवांतर (विजेच्या दाबातला फरक) एकत्र मोजता येते. हे अंतर साधारण १०० ते २०० मिलिव्होल्ट असावे अशी अपेक्षा असते. दुहेरी निकेलमध्ये खालचा थर एकूण निकेलच्या जाडीच्या किमान ६० टक्के लागतो, पोलादावर त्याहून अधिक.

आज बहुतेक प्रयोगशाळांत क्ष-किरण प्रतिदीप्तीचे, म्हणजे क्ष-किरण पडल्यावर धातूतून बाहेर येणाऱ्या किरणांवरून थर ओळखणारे, यंत्र असते. ते वस्तू न बिघडवता काही सेकंदांत निकेल व क्रोम दोन्हींचे आकडे देते. मात्र दोन प्रकारच्या निकेलमधील भेद त्याला कळत नाही आणि निकेल जाड होत गेले की वाचन डळमळते. शिवाय ते मुळात दर चौरस सेंटिमीटरमागचे वस्तुमान मोजते आणि मायक्रॉनचा आकडा गृहीत घनतेवरून काढते. मुलाम्याच्या द्रावणातील षटसंयोजी क्रोमियम या विषारी रूपावर युरोपात २०१७ पासून निर्बंध आल्यानंतर त्रिसंयोजी क्रोम या कमी घातक रूपाचा वापर वाढला. त्याच्या थरात कार्बन आणि ऑक्सिजन मिसळलेले असतात, त्यामुळे शुद्ध क्रोमियमची घनता धरून आलेला आकडा प्रत्यक्ष जाडीशी जुळेलच असे नाही.