पानठेल्यावरचे दोनशे मिलिसेकंद

‘जास्त वाचलं की पोरगा माणसातून उठतो’ हे वाक्य विदर्भातल्या कुठल्याही गावात ऐकायला मिळतं, आणि ते बोलणाऱ्याच्या नजरेसमोर एखादा ठरावीक पोरगा असतो. आमच्या घरी तो माझा भाचा. आर्वी तालुक्यातलं गाव, घरची कापूस-तुरीची शेती, आणि हा मराठीत एम. ए. करत कथा लिहितो. त्याच्या कथांतली माणसं एकमेकांना तोडीस तोड जबाब देतात. पण तोच संध्याकाळी पानठेल्यावर उभा राहिला की गप्प. लग्नाच्या पंगतीत गप्प, पोळ्याच्या तोरणाखाली गप्प. ‘लय शायना झाला बे हा,’ असं बरोबरीची पोरं म्हणतात. ‘याले मानसात बसताच येत नाई बाप्पा,’ असं आत्याबाई म्हणतात.

आत्याबाईंनी पत्रिका दाखवली. वाणीचा कारक बुध, तो दुर्बळ, म्हणून करंगळीत पाचू. बुध पृथ्वीच्या अगदी जवळ येतो तेव्हाही साडेसात कोटी किलोमीटरहून लांब असतो. तिथून निघालेल्या प्रकाशाला इथे पोहोचायला चार मिनिटांच्या वर लागतात. गप्पांमध्ये जीभ हलवायला किती वेळ मिळतो ते पुढे येईलच, तेव्हा या उपायातला विनोद कळेल. पाचूचे पैसे मात्र रोख गेले.

मला या पोराच्या गप्प बसण्यात स्वभावापेक्षा वेळेचं गणित जास्त दिसतं. ते गणित मला भयंकर आवडतं, म्हणून जरा विस्तारानं सांगतो.

गप्पा म्हणजे आळीपाळीनं बोलणं, हे आपण इतकं गृहीत धरतो की त्याला काही नियम असतील असं वाटतच नाही. १९७४ साली हार्वे सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन या तिघांनी ते नियम मांडले. बोलणारा माणूस पुढच्याची निवड करू शकतो, म्हणजे नाव घेऊन किंवा नजर रोखून विचारू शकतो. तसं त्यानं केलं नाही, तर जो आधी तोंड उघडेल त्याची पाळी. कुणीच उघडलं नाही, तर पहिलाच पुढे चालू ठेवू शकतो. बस, एवढंच. पण एका माणसाचं संपणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं यांच्यात किती वेळ जातो? तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जगातल्या दहा भाषांमधल्या रोजच्या गप्पांत, हो-नाही प्रकारच्या प्रश्नांनंतरची फट मोजली. सरासरी निघाली सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. साधारण एक अक्षर उच्चारायला लागतो तेवढा वेळ. सर्वांत चटपटीत निघाले जपानी, सरासरी ७ मिलिसेकंद. सर्वांत निवांत डेन्मार्कचे लोक, ४६९. सर्वांत निवांत माणसंसुद्धा अर्ध्या सेकंदाच्या आतच!

आता या आकड्याशेजारी दुसरा एक आकडा ठेवा. एखाद्याला बैलाचं चित्र दाखवलं आणि ‘हे काय?’ म्हणून विचारलं, तर ‘बैल’ म्हणायला सुरुवात होईपर्यंत सुमारे ६०० मिलिसेकंद जातात. पीटर इंडेफ्राय आणि विलेम लेव्हेल्ट यांनी डझनावारी प्रयोग एकत्र करून या वेळेची फोड केली. चित्र ओळखून मनात कल्पना तयार व्हायला अंदाजे २०० मिलिसेकंद. त्या कल्पनेचा शब्द मनाच्या कोशातून निवडायला आणखी ७५. इथे गंमत अशी की शब्द निवडला गेला तरी त्याचा आवाज अजून हाती नसतो. त्याचं व्याकरण हाती असतं. ‘तोंडावर आहे पण आठवत नाही’ असं होतं ते याच टप्प्यावर. मग त्या शब्दाचे ध्वनी गोळा करून त्यांची अक्षरांत जुळणी करायला साधारण १८०, आणि त्या अक्षरांच्या हालचाली जीभ-ओठांसाठी आखायला उरलेले १४५. झाले ६००. आणि हा फक्त एक शब्द. साध्या प्रसंगाच्या चित्राचं वर्णन करणारं पूर्ण वाक्य सुरू करायला तर दीड सेकंदाच्या आसपास वेळ लागतो.

तयारीला ६०० लागतात आणि मिळतात २००. म्हणजे समोरच्याचं संपल्यावर आपण विचार सुरू करत असू, तर आपण दरवेळी उशिराच येणार. सगळं जग वेळेवर पोहोचतं त्याअर्थी सगळं जग आधी निघत असलं पाहिजे. कापसाच्या चालत्या बंडीत मागून उडी मारून बसणारी पोरं आधी बंडीच्या वेगानं धावतात आणि मग उडी घेतात, तसंच हे.

हे नुसतं अनुमान नाही. नेदरलँड्समधल्या नायमेखेन इथल्या मॅक्स प्लांक संस्थेत सारा ब्योगल्स, लिला मग्यारी आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी २०१५ मध्ये लोकांच्या डोक्याला विद्युतअग्रं लावून त्यांना प्रश्नमंजुषा खेळायला लावली. प्रश्न दोन तऱ्हेचे. आपल्याकडचं उदाहरण घेऊन सांगतो. ‘दीक्षाभूमी ज्या शहरात आहे, त्या शहराचं नाव काय ते सांगा बरं’ हा पहिला. ‘त्या शहराचं नाव काय ते सांगा बरं, जिथे आहे दीक्षाभूमी’ हा दुसरा. माहिती तीच, पण पहिल्यात उत्तर सुरुवातीलाच कळतं, दुसऱ्यात अगदी शेवटी. मेंदूच्या लहरींत उत्तराच्या तयारीची खूण दिसली ती प्रश्न संपल्यावर नव्हे, तर उत्तर कळण्याजोगी माहिती कानावर पडल्यापासून अर्ध्या सेकंदाच्या आत. प्रश्न विचारणारा अजून बोलतोच आहे, आणि ऐकणाऱ्याचा मेंदू ऐकता ऐकता स्वतःचं वाक्य रचायला लागलेला आहे. भाषेची दोन्ही कामं एकाच वेळी. गप्पा मारणं हे रिकामटेकड्यांचं काम आहे असं म्हणणाऱ्यांनी यावर विचार करावा.

पण समोरचा नेमका कधी थांबणार, हे कसं कळतं? मराठीत तर क्रियापद शेवटी, आणि वाक्याचा प्रश्न करणारं ‘का’ त्याच्याही नंतर. ‘सोयाबीनचा भाव अजून पडते’पर्यंत आपण सांगणं ऐकतो आणि पुढे ‘का बे’ आलं की ते विचारणं होतं. (जपानीतही क्रियापद शेवटीच असतं, आणि तरी सात मिलिसेकंद!) २००६ मध्ये यान-पीटर दे रायटर आणि सहकाऱ्यांनी यावर फार सुरेख प्रयोग केला. बोलण्याचे ध्वनिमुद्रित तुकडे ऐकवायचे, आणि ऐकणाऱ्यानं ‘आता हा थांबणार’ असं वाटलं की बटण दाबायचं. काही तुकड्यांत आवाजाचा चढउतार काढून तो सपाट केला. काहींत चढउतार तसाच ठेवून शब्द ओळखू येणार नाहीत असे गढूळ केले. सपाट आवाजात लोकांचा अंदाज बिघडला नाही. शब्द गेल्यावर मात्र बिघडला. म्हणजे थांबण्याची जागा आपल्याला मुख्यतः शब्दांवरून आणि वाक्यरचनेवरून कळते.

व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत फळ्यावर लिहितात तो ‘७ टक्के शब्द, ३८ टक्के आवाज, ५५ टक्के देहबोली’ हा मंत्र इथे आठवल्याशिवाय राहत नाही. आता तालुक्याच्या गावीही अशी शिबिरं भरतात, आणि घुम्या पोरांना आईबाप फी भरून पाठवतात. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून आले. त्यांत सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत आणि चेहऱ्यांच्या छायाचित्रांसोबत सादर करून, बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही एवढंच ओळखायला सांगितलं होतं. हे सूत्र भावना आणि आवडनिवड व्यक्त करण्यापुरतंच आहे, असं खुद्द मेहराबियन सांगत आले. शब्दांना खरोखर सातच टक्के किंमत असती, तर परक्या भाषेतलं भाषण नुसते हातवारे पाहून कळायला हवं होतं.

आता भाच्याकडे वळू. वाचनामुळे त्याची ही अंदाज बांधण्याची शक्ती बोथट झाली असेल का? पुरावा उलटा आहे, आणि तो आपल्याच देशातला आहे. २०१२ मध्ये रमेशकुमार मिश्रा, फाल्क ह्युटिग आणि सहकाऱ्यांनी अलाहाबादला हिंदी बोलणाऱ्या दोन गटांच्या नजरेचा माग काढला. एका गटात विद्यापीठातले विद्यार्थी, दुसऱ्यात जेमतेम शाळा पाहिलेले लोक. समोर चार वस्तूंची चित्रं, आणि कानावर एक वाक्य, ज्यात वस्तूच्या नावाआधी लिंग दाखवणारं विशेषण येतं. विद्यार्थ्यांची नजर विशेषण ऐकताच, नाव येण्याआधी, योग्य चित्राकडे वळली. दुसऱ्या गटाची नजर नाव कानी पडल्यावरच वळली. फरक सेकंदाहून जास्त. या दोन गटांत वाचनाखेरीजही बरेच फरक होते हे खरं, पण वाचणाऱ्याचा कान मागे पडतो असं यातून नक्कीच निघत नाही. पुढचा शब्द काय येणार हे माझ्या भाच्याला गावातल्या कुणाहीपेक्षा आधी कळत असणार. तो अडकतो ते त्याच्या पुढच्या पायरीवर.

इथून पुढचा तर्क माझा आहे. लिहिणाऱ्याला वाक्य पुरं करून, खोडून, पुन्हा लिहून मगच दाखवायची सवय असते. कागद थांबतो. पानठेल्यावर कुणी वाक्य पुरं करून सुरुवात करत नाही. आधी ‘काये का भाऊ’ म्हणून जागा धरतात, मग काय बोलायचं ते पाहतात. ‘अं’, ‘म्हंजे’, ‘तसं पाह्यलं तं’, ‘ऐक नं बे’ हे सगळे पाळी आपल्या नावावर करण्याचे बयाणे आहेत. शाळेत वक्तृत्व स्पर्धेची तयारी करून घेताना आपण नेमके हेच काढून टाकायला शिकवतो. ‘अं अं करू नको, पाठ करून ये.’ मग तालुक्यात पहिला आलेला पोरगा पारावर मुका राहतो. वक्तृत्वात दुसरा कुणी मध्ये बोलतच नाही, त्यामुळे पाळी मिळवण्याचा सराव होणार कुठून?

त्यात दोन बोलींची भानगड. १९९९ मध्ये रेनाटा म्यूटर आणि ॲलन ऑलपोर्ट यांनी द्विभाषिकांना आकड्यांची नावं कधी या, कधी त्या भाषेत सांगायला लावली. भाषा बदलली की थोडा उशीर होतो, हे अपेक्षितच होतं. अनपेक्षित असं, की दुबळ्या भाषेतून आपल्या पक्क्या भाषेत परतताना उशीर जास्त. कारण दुबळी भाषा बोलण्यासाठी पक्की भाषा जोर लावून दाबून ठेवावी लागते, आणि दाबलेली भाषा लगेच मोकळी होत नाही. भाच्याची पक्की बोली आईकडून आलेली, ‘मले-तुले’ची. दिवसभर तो तीच दाबून पुस्तकी मराठीत वाचतो, लिहितो. संध्याकाळी सहा वाजता तिला एकदम मोकळं सोडायचं आहे, तेही सेकंदाच्या पाचव्या भागात. प्रमाण मराठीत बोलला तर ‘पुण्याचा आला का बे?’, आणि बोलीत बोलायला गेला तर क्षणभर अडखळ.

घरात तो माझ्याशी तासन्‌तास बोलतो, हे कोडंही नियमांवरूनच सुटतं. दोघांत मी थांबलो की पाळी आपोआप त्याचीच; शर्यत नाही. सहा जणांत जो आधी तोंड उघडेल त्याची पाळी, आणि तीनशे मिलिसेकंद उशीर म्हणजे कायमचा उशीर. विषय तोवर सोयाबीनवरून क्रिकेटवर गेलेला असतो. रॉबिन डनबार यांच्या निरीक्षणानुसार एका गप्पेत साधारण चारच माणसं मावतात. त्याहून जास्त झाली की घोळका फुटून दोन गप्पा सुरू होतात. हळू सुरू होणारा माणूस अशा फुटीत दोन्हीकडून सुटतो.

मौनाची किंमतही मोजली गेली आहे. एमा टेम्पल्टन आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये दाखवलं की समोरचा जितक्या पटकन उत्तर देतो, तितकं आपलं त्याच्याशी जुळलं असं लोकांना वाटतं. ध्वनिमुद्रणातल्या फटी त्यांनी कमी-जास्त करून ऐकवल्या. तिऱ्हाइतांनीही छोट्या फटी असलेल्या जोडीलाच जास्त जवळचं ठरवलं. माणसं तीच, शब्द तेच! त्यामुळे ‘भाव खाते’ हा पोरांचा निष्कर्ष दुष्टपणाचा नाही, कान फसतो. पण पुढच्याच वर्षी याच चमूनं लांब फटी वेगळ्या काढून तपासल्या. अनोळखी लोकांत त्या अवघड वाटतात, मित्रांमध्ये मात्र त्या अजिबात खुपत नाहीत. शिवाय एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांचं २०१८ चं काम सांगतं की अनोळखी माणसाशी बोलून झाल्यावर ‘मी त्याला फारसा आवडलो नसेन’ असं दोघांनाही वाटत असतं, आणि दोघंही चुकत असतात.

गाडगेबाबांच्या कीर्तनाची पद्धत या संदर्भात पुन्हा पाहण्याजोगी आहे. ते वऱ्हाडीत समोरच्या गर्दीला प्रश्न विचारायचे आणि उत्तर वदवून घ्यायचे. पुढच्या बोलणाऱ्याची निवड करण्याचा जो पहिला नियम, तो हजारोंच्या गर्दीवर लावलेला. पाळी आयती हातात आली की घुमा माणूसही बोलतो. पानठेल्यावर एखाद्यानं नुसतं नाव घेऊन ‘तुले काय वाटते रे?’ विचारलं, तरी तीनशे मिलिसेकंदांची भरपाई होते.

स्टिव्हर्स यांच्या दहा भाषांत भारतातली एकही नव्हती. मोजायला फार काही लागत नाही. एक बरा मोबाइल, आणि ॲमस्टरडॅम विद्यापीठात पॉल बोअर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तयार केलेलं ‘प्राट’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर. त्यात ध्वनीची लहर पडद्यावर दिसते आणि दोन आवाजांमधली फट मिलिसेकंदांत मोजता येते. अमरावती, वर्धा, यवतमाळच्या एखाद्या महाविद्यालयानं वऱ्हाडी गप्पांवर हे करायला हवं. भाच्याला मी सुचवलं आहे, त्यानं अजून उत्तर दिलेलं नाही. जो कुणी करेल त्यानं ध्वनिमुद्रणाआधी सगळ्यांची परवानगी घ्यावी, आणि ज्याच्या गालात खर्रा आहे त्याची उत्तरं वेगळ्या रकान्यात भरावीत, नाहीतर आमची सरासरी डेन्मार्कच्याही पुढे जाईल.