कुलदैवत अन् ग्रामदैवत, शहरात आलं की कोणतं सुटतं?

गेल्या महिन्यात पुतण्याच्या लग्नाची पत्रिका टाकायची होती तर पोरगं म्हणतंय, काका वर मारुती घालू ना, आपलं कुलदैवत. अरे बाबा मारुती गावचा, आपलं कुलदैवत तुळजापूरची आई! संभाजीनगरच्या सिडकोत वाढलेल्या पोरांचा हा घोळ नेहमीचाच, म्हणून लिहायलो.

कुलदैवत घराण्याचं, तुम्ही राहता कुठं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. अंबाजोगाईची योगेश्वरी बघा, कोकणस्थांची कुलदेवी, आता कोकण कुठं अन् बीड जिल्हा कुठं, तरी मुंबई-पुण्याहून लोकं येतातच. तुळजापूरला आमचा पुजारीसुद्धा ठरलेला, आजोबा ज्यांच्याकडं उतरायचे तिथंच आम्ही उतरतो. म्हणून शहरात आल्यावर कुलदैवत सुटत नाही, उलट दारात गाडी आली की वर्षातून दोनदा जाणं होतं, अन् गोंधळ काय, अपार्टमेंटच्या पार्किंगमध्येबी घालता येतो.

ग्रामदैवत शिवेचं. एकाची माहूरची रेणुका, शेजारच्याचा माळेगावचा खंडोबा, पण पारावरचा मारुती सगळ्या गावाचा, वर्गणी घरटी, अन् काही गावात तर पिराचा उरूस हीच गावची जत्रा. हे तिथं राहिल्याशिवाय जमत नाही. आम्ही वर्गणी फोनपेवर पाठवतो, पावती व्हॉट्सॲपवर येते, पण पालखीला खांदा द्यायला माणूस लागतो की.

बरं, शहराला ग्रामदैवत नसतं असंबी नाही. लातूरचा सिद्धेश्वर, आमच्या संभाजीनगरात राजाबाजारचा संस्थान गणपती, विसर्जनाची मुख्य मिरवणूक तिथूनच निघते. पण सिडकोच्या एन-नऊमध्ये तीस वर्षं काढलेल्या माणसाला विचारा तुमचं ग्रामदैवत कोणतं, तो गावाकडचंच नाव सांगतो. मीबी तेच सांगतो.

लग्न बायपासच्या एका मंगल कार्यालयात झालं. परण्या, म्हणजे लग्नाआधीची नवरदेवाची मिरवणूक, मारुतीला न्यायचा तर त्या लोकांनी गेटजवळच टाइल्स लावून एवढंसं मंदिर बांधून ठेवलेलं, म्हणजे घोड्यावरून पार्किंगला एक चक्कर, नारळ, पाया पडणं, दहा मिनिटात काम खलास. कोणत्या गावचा मारुती म्हणायचा हा? भावाला काही ते पटलं नाही, तो आदल्या दिवशीच मोटारसायकल काढून गावी जाऊन पारावर नारळ फोडून आला होता, हे आम्हाला पंगतीत कळलं.