एका फ्रेमएवढी जाड सम

गेल्या पावसाळ्यात मी एका जुन्या तसबिरीची काच काढली आणि तिच्यावर ऑइल पेंटने आठ सेकंदांचं ॲनिमेशन करून बघितलं. काचेखाली पांढरा लाइट, वर स्टँडला आडवा लावलेला मोबाइल, आणि कानात आजच्या काळातल्या एका ऑर्केस्ट्रा रचनेचा छोटासा तुकडा, ज्यात सहाव्या सेकंदाला मोठ्या ड्रमचा एकच दणका आहे. ठरवलं असं की निळा ठिपका हळूहळू वर चढेल आणि दणक्याला फुटेल. सेकंदाला १२ चित्रं धरली तर ९६ चित्रं झाली, दर वेळी बोटाने थोडा रंग सरकवायचा, कापसाच्या काडीने कड पुसायची, फोटो काढायचा, की परत तेच. तीन संध्याकाळी गेल्या त्यात.

ऑइल पेंटच का, तर तो वाळत नाही पटकन. पोस्टर कलरमधलं पाणी उडून जातं आणि दहा-पंधरा मिनिटांत रंग काचेला धरून बसतो, पण ऑइल पेंटमधलं जवसाचं तेल उडत नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं आणि याला दिवसच्या दिवस लागतात. तेवढा वेळ रंग ओला, म्हणजे हलवता येणारा. (पाण्याचे रंग वापरायचेच असतील तर काही जण त्यात ग्लिसरीन घालतात, तेही ओलावा धरून ठेवतं.) रशियाच्या अलेक्सांद्र पेत्रोव यांनी हेमिंग्वेच्या म्हातारा कोळी आणि माशाच्या गोष्टीवर जी फिल्म केली तिच्यात काचेवर अशी सुमारे २९ हजार चित्रं आहेत, बरीचशी बोटांनी रंगवलेली, फिल्म २० मिनिटांची, २००० साली तिला ऑस्कर मिळालं. माझी ९६ चित्रं करून झाल्यावर हा २९ हजारचा आकडा मला वेगळाच दिसायला लागलाय.

तर चित्रं झाली, संगीत जोडलं, प्ले केलं, आणि जमलं नाही. ठिपका बरोबर दणक्याच्याच फ्रेमला फुटत होता, मी मोजून ठेवला होता, तरी बघताना वाटायचं की चित्र मागे रेंगाळतंय. शेवटी आवाज दोन फ्रेम उशिरा सरकवला आणि एकदम समेवर आल्यासारखं झालं! म्हणजे मोजून चुकीचं केलं तेव्हा बघताना बरोबर वाटलं. तिथपासून मी या विषयाच्या मागे लागले.

सिनेमाची एक फ्रेम सेकंदाचा चोविसावा भाग, म्हणजे जेमतेम ४२ मिलिसेकंद (सेकंदाला १२ चित्रं धरली की एकेक चित्र दोन फ्रेम टिकतं). तेवढ्या वेळात आवाज हवेतून साधारण १४ मीटर जातो. प्रकाश त्या मानाने लगेचच पोचतो, म्हणून लांब नदीवर कुणी धुणं आपटत असेल तर हात खाली आलेला आधी दिसतो आणि आवाज मागून येतो, वीज आणि गडगडाटाचं तर विचारूच नका. जन्मल्यापासून आपला मेंदू हेच बघत आलाय, आधी दिसणार मग ऐकू येणार, त्यामुळे आवाज थोडा उशिरा आला तर तो सांभाळून घेतो, पण आवाज आधी आला तर त्याला लगेच खटकतं. टीव्ही प्रसारणाच्या आंतरराष्ट्रीय मानकात हे आकड्यांत दिलंय, आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला की लोकांना कळायला लागतं, मागे पडला तर मात्र १२५ मिलिसेकंदांपर्यंत कळत नाही. म्हणजे एका बाजूला एक फ्रेम आणि दुसऱ्या बाजूला तीन. जुने ॲनिमेटर हालचाल आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी ठेवतात ते हाताच्या अनुभवाने, पण कारण बहुतेक हेच असणार.

आणि एकदा का दोन्ही जुळलं की कान डोळ्याला काय वाटेल ते दाखवतो, हे मला सगळ्यात भारी वाटतं. १९९७ मधला एक प्रयोग आहे, स्क्रीनवर दोन गोल समोरासमोरून येतात, एकमेकांवरून जातात आणि पुढे निघून जातात. नुसतं बघितलं तर बहुतेकांना ते आरपार गेल्यासारखे दिसतात. पण भेटण्याच्या क्षणी एक छोटा 'टक्' वाजवला की तेच गोल आपटून परत फिरल्यासारखे दिसायला लागतात, चित्र तेच, एक ठिपकासुद्धा बदललेला नाही. २००० साली दुसऱ्या एका प्रयोगात प्रकाशाची एकच चमक दाखवून सोबत दोन बीप वाजवले, तर लोकांना चमक दोनदा दिसली. म्हणजे माझा निळा ठिपका 'फुटतो' ते निम्मं काम ड्रम करतोय, मी फक्त रंग पसरवलाय.

स्वर आणि आकाराचंही असंच नातं आहे, चढा स्वर वर, बारीक आणि उजळ वाटतो, खालचा स्वर जाड आणि गडद, आणि हे आपल्या भाषेतच आहे की, आरोह म्हणजे चढण, आणि बारीक आवाज, जाड आवाज असं आपण रोज म्हणतो. म्हणून बासरीला टोकदार ब्रश आणि डबल बासला रुंद चपटा ब्रश हे कुणी न शिकवता हात आपोआप करतो.

आता मला खरं जे सांगायचंय ते. रंगवलेलं ॲनिमेशन नीट बघितलं तर पात्र स्थिर उभं असलं तरी त्याच्यावरचा रंग सारखा हलत असतो, कारण प्रत्येक फ्रेमचे ब्रशचे फटकारे वेगळे पडलेले असतात. ॲनिमेटर याला 'बॉइल' म्हणतात, चित्र उकळतंय असं. २०१७ च्या 'लव्हिंग व्हिन्सेंट' मध्ये हे पूर्णवेळ आहे, पोलंडमध्ये तयार झालेली ही फिल्म १२५ चित्रकारांनी साधारण ६५ हजार ऑइल पेंटिंग फ्रेम करून बनवली, सेकंदाला १२. कॉम्प्युटरवर हा बॉइल सहज काढून टाकता येतो, पण मग चित्र मेल्यासारखं दिसतं.

ऑर्केस्ट्राच्या आवाजातही हाच बॉइल असतो! दोन तानपुरे लावताना तारा जवळजवळ जुळल्या पण पूर्ण नाही अशा वेळी जी 'वाँव-वाँव' लाट ऐकू येते ती आठवा, एक तार सेकंदाला ४४० वेळा हलतेय आणि दुसरी ४४२ वेळा, तर सेकंदाला दोन लाटा. आता दोनच्या जागी सोळा व्हायोलिन घ्या, प्रत्येकाचा सूर केसभर इकडे-तिकडे, प्रत्येकाचं बोट तारेवर सेकंदाला पाच-सात वेळा आपल्या आपल्या लयीत थरथरतंय, या सगळ्या लाटा एकमेकांत मिसळतात आणि कानाला सोळा आवाज ऐकू न येता एकच ऐकू येतो, पण झिलमिलणारा. एकच व्हायोलिन रेकॉर्ड करून त्याचा आवाज सोळापट मोठा केला तर हे होत नाही. वेळेचंही तसंच, तीन वादकांच्या मुरलेल्या गटांवर मोजमाप झालंय, एकत्र वाजवायच्या स्वरातसुद्धा त्यांच्यात साधारण ३० ते ५० मिलिसेकंदांचा फरक असतो, म्हणजे बघा, जवळजवळ एक फ्रेम. सम हा बिंदू नसतोच, तिला एका फ्रेमएवढी जाडी असते. म्हणूनच मला वाटतं की हाताने रंगवलेलं चित्र आणि माणसांनी वाजवलेला ऑर्केस्ट्रा एकमेकांना इतके धरतात, दोघांच्याही कडा थरथरत्या आहेत आणि एकाची थरथर दुसऱ्यात लपून जाते. अगदी काटेकोर कडांचं डिजिटल चित्र त्याच संगीताला लावलं तर उलट संगीतच ढिलं वाटायला लागतं, मी करून बघितलंय.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले काही संगीतकार तर हा बॉइलच घेऊन बसले. लिगेती यांची १९६१ ची 'ॲटमॉस्फियर्स' ही रचना, तिच्यात तंतुवाद्यांच्या ५६ वादकांना प्रत्येकी वेगळी ओळ लिहून दिलेली आहे, ठेका नाही, चाल नाही, नुसता एक ढग जो आतून बदलत राहतो. अशा संगीताला चित्र कुठे टेकवायचं? इथे काचेवरची ओला रंग सरकवण्याची पद्धत उपयोगी पडते, कारण तीही एका चित्रातून दुसरं चित्र वितळवत नेते, कट नसतो. पेंडेरेत्स्की यांनी ५२ तंतुवाद्यांसाठी केलेली 'थ्रेनोडी' तर ॲनिमेटरच्या सोयीसाठीच लिहिल्यासारखी, तिच्यात बरेच भाग मात्रांऐवजी सेकंदांत मोजलेले आहेत, तिचं सुरुवातीचं नावसुद्धा '८ मिनिटं ३७ सेकंद' एवढंच होतं, हिरोशिमाच्या बळींना ती नंतर अर्पण केली. ५१७ सेकंद, सेकंदाला १२ चित्रं, म्हणजे ६,२०४ चित्रं. माझ्या वेगाने सहा महिन्यांहून जास्त संध्याकाळी.

आणि समोर जिवंत ऑर्केस्ट्रा असला तर? फिल्म थांबत नाही, माणसं श्वास घेतात. एक उपाय क्लिक ट्रॅक, ऑर्केस्ट्राला हाताने ठेका दाखवणाऱ्या कंडक्टरच्या कानात टक् टक्. १२ फ्रेमला एक टक् ठेवला तर मिनिटाला १२० मात्रा होतात, १३ फ्रेमला ठेवला तर एकदम ११०.८, मधलं काहीच मिळत नाही म्हणून पूर्वी फ्रेमचेही आठ भाग करायचे. मारामारीच्या सीनला हे ठीक आहे, पण रंगवलेल्या चित्राला असा टक्टक्या ठेका लावला की संगीताचा श्वास कोंडतो असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा उपाय मला फार आवडतो. हॉलिवूडचे संगीतकार आल्फ्रेड न्यूमन यांच्या नावाने तो ओळखला जातो. फिल्मच्या पट्टीवर महत्त्वाच्या क्षणाच्या आधीच्या ४८ फ्रेम, म्हणजे ३५ एमएमची तीन फूट पट्टी, टेबलावर पसरायची आणि तिच्यावर टोकदार हत्याराने डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत एक लांब तिरकी रेघ ओरखडायची. जिथे रेघ संपते तिथे फिल्मला पंचने गोल भोक पाडायचं. प्रोजेक्टरमधून ही पट्टी गेली की पडद्यावर एक उभी पांढरी रेघ डावीकडून निघून दोन सेकंदांत उजवीकडे पोचते आणि भोकामुळे लख्ख चमक होते, तीच सम. मधल्या जागेत कंडक्टर हवं तसं ओढू शकतो, सैल सोडू शकतो, रेघ येताना त्याला दिसतेच आहे. आजही सॉफ्टवेअरमध्ये तीच रेघ आणि तीच चमक असते, फक्त आता ती कुणी हाताने ओरखडत नाही.