आयटीआयची प्रात्यक्षिक परीक्षा: पात्रता, कागदपत्रे आणि गुण ठरतात कसे

आयटीआयच्या अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेत थिअरी ३३ टक्क्यांवर निघते. प्रॅक्टिकलला मात्र ६० टक्के लागतात, आणि बरीच गाडी तिथेच अडकते. सध्याच्या वार्षिक पद्धतीत एकूण गुण ६००: प्रॅक्टिकल २५०, संगणकावर होणारी थिअरी १५०, आणि संस्थेतले वर्षभराचे अंतर्गत मूल्यमापन, ज्याला फॉर्मेटिव्ह म्हणतात, त्याचे २००. फॉर्मेटिव्हलाही अट ६० टक्क्यांचीच. म्हणजे प्रॅक्टिकलमध्ये किमान १५०, फॉर्मेटिव्हमध्ये १२० आणि थिअरीत ५० गुण हवेत. हे तिन्ही उंबरे वेगवेगळे ओलांडायचे असतात. थिअरीत १३० पडले म्हणून प्रॅक्टिकलच्या १४८ चे १५० होत नाहीत.

परीक्षेला बसता कोण येते

प्रवेशाची शैक्षणिक पात्रता व्यवसायागणिक बदलते. फिटर म्हणजे जोडारीला विज्ञान आणि गणितासह दहावी लागते, वेल्डर म्हणजे संधाताला आठवी चालते. वय किमान १४. हे प्रवेशाच्या वेळीच तपासून झालेले असते. परीक्षेच्या तोंडावर प्रश्न येतो तो हजेरीचा. किमान ८० टक्के हजेरी हवी, म्हणजे पाच दिवसांमागे एकापेक्षा जास्त दिवस बुडाला की गणित बिघडले. आजारपण असेल तर वैद्यकीय प्रमाणपत्र त्याच आठवड्यात निदेशकांकडे द्या. वर्षअखेरीस सगळी प्रमाणपत्रे एकदम आणून ठेवली की त्यांच्याकडे कोणीही संशयानेच पाहते.

नियमित प्रशिक्षणार्थ्याला स्वतः लांबलचक अर्ज भरावा लागत नाही. त्याची नोंद संस्था पोर्टलवर करते. पात्र कोण, अपात्र कोण हेही संस्थेच्या लॉगिनमधून जाते. म्हणून तो गाफील राहतो. प्रशिक्षणार्थ्याचे खरे काम आहे आपली प्रोफाइल तपासण्याचे: नाव, वडिलांचे व आईचे नाव, जन्मतारीख, फोटो, व्यवसाय आणि प्रवेशाचे सत्र. नावाचे स्पेलिंग शाळेच्या गुणपत्रिकेवर आहे तसेच, अक्षर न् अक्षर, असले पाहिजे. आधारवर नाव आधी आणि गुणपत्रिकेवर आडनाव आधी, हा घोळ आपल्याकडे हमखास होतो. दुरुस्तीसाठी मूळ कागद घेऊन संस्थेत जायचे, आणि तेही हॉल तिकीट निघण्याआधी. एकदा प्रमाणपत्र छापून आले की तीच दुरुस्ती महिनोन्महिने रेंगाळू शकते.

परीक्षा शुल्क मुदतीत भरा आणि पावती फोनमध्ये तरी जपून ठेवा. शुल्क खात्यातून वजा झाले पण पोर्टलवर दिसत नाही, अशा वेळी व्यवहार क्रमांकाशिवाय कोणीही काही करू शकत नाही.

सोबत काय न्यायचे

केंद्रावर हॉल तिकीट आणि फोटो असलेले मूळ ओळखपत्र लागते. फोनमधला फोटो दाखवून आत सोडतील या भरवशावर राहू नका. कार्यशाळेत बूट आणि गणवेश किंवा ॲप्रन हवाच. चपलेवर लेथजवळ उभे राहणे म्हणजे सुरक्षिततेचे गुण दारातच सोडून येणे.

यापेक्षा महत्त्वाचा गठ्ठा वर्षभरात तयार होतो. रोजनिशी, जॉबची (म्हणजे कार्यशाळेत करायला दिलेल्या कामाची) वही, प्रगती तक्ता, हजेरी, तोंडी परीक्षेच्या नोंदी, असाइनमेंट, प्रोजेक्ट आणि कार्यशाळेत प्रत्यक्ष केलेले जॉब, हे सगळे मूल्यमापनाचे पुरावे आहेत. पुढची परीक्षा होईपर्यंत ते जपून ठेवणे संस्थेवर बंधनकारक आहे. प्रॅक्टिकलचे गुण देण्याआधी बाह्य परीक्षकाने प्रत्येकाचा हा लेखाजोखा पाहावा, असेही अभ्यासक्रमात लिहिले आहे. जॉब वही शेवटच्या आठवड्यात एका बैठकीत, एकाच पेनाने पूर्ण केलेली असेल तर ती पहिल्या दोन पानांतच ओळखू येते. वहीत आकृती, वापरलेली हत्यारे, कामाचा क्रम आणि मोजून आलेली मापे हवीत. मापांचा रकाना रिकामा ठेवणारे फार, आणि नेमका तोच रकाना परीक्षक पाहतो.

गुणांच्या पायऱ्या

फॉर्मेटिव्हचे गुण मनाला येतील तसे द्यायचे नसतात. ६० ते ७५ टक्क्यांच्या पायरीवर हत्यारे चांगली हाताळता येणे, ६० ते ७० टक्के अचूकता, फिनिशिंग बऱ्यापैकी आणि अधूनमधून मदत लागली तरी चालेल, असे धरले जाते. ७५ ते ९० साठी अचूकता ७० ते ८० टक्के आणि मदत थोडीशीच. ९० च्या वर जायचे तर ८० टक्क्यांहून जास्त अचूकता, उत्तम फिनिशिंग आणि मदत जवळजवळ शून्य. याशिवाय भंगार कमी निघाले का, निघाले ते योग्य जागी टाकले का, चौघांत मिळून काम करता येते का, हेही पाहिले जाते. म्हणजे बाजूच्याला सतत विचारत केलेला सुरेख जॉब वरच्या पायरीवर जात नाही.

जॉबवर गुण कुठे जातात

फिटरचा नेहमीचा जॉब घ्या: नर आणि मादी असे दोन तुकडे एकमेकांत बसवायचे. पहिली चूक घाईची. माइल्ड स्टीलची पट्टी हातात आली की सगळे मार्किंगला धावतात. आधी दोन लगतच्या बाजू फाइल (कानस) मारून गुण्यात, म्हणजे काटकोनात, आणायच्या, ट्राय स्क्वेअर उजेडासमोर धरून तपासायच्या, आणि त्यानंतरची सगळी मापे त्याच दोन बाजूंपासून घ्यायची. संदर्भाची बाजूच तिरकी असेल तर पुढचे प्रत्येक माप चुकते, आणि चूक नेमकी कुठे झाली हे शेवटपर्यंत कळत नाही.

हॅकसॉ रेषेवर चालवायचा नाही. रेषेबाहेर अर्धा ते एक मिलिमीटर फायलिंगसाठी सोडायचा. आतल्या कोपऱ्यात आधी बारीक भोक पाडून घेतले की करवत थांबायला जागा मिळते आणि कोपरा नीट साफ होतो. आधी नर तुकडा मापात पूर्ण करायचा, मग मादी त्याच्या अंगाने हळूहळू उघडत न्यायची. दोन्ही एकदम घासत बसले की कोणता तुकडा मोठा आणि कोणता लहान याचा पत्ता लागत नाही, आणि घासलेले लोखंड काही परत येत नाही. बसणी अडत असेल तर प्रशियन ब्लू हा निळा रंग लावून बघा. निळा डाग जिथे उमटतो तेवढीच जागा घासायची, अंदाजाने सगळीकडे फाइल मारायची नाही.

व्हर्नियरचा लघुतमांक, म्हणजे मोजता येणारे सर्वांत लहान माप, ०.०२ मिमी, साध्या मायक्रोमीटरचा ०.०१ मिमी. ०.०४ मिमीची सूट, म्हणजे चालणारा फरक, असलेल्या जॉबवर स्टीलची पट्टी लावून मोजणे म्हणजे न मोजणेच. कडेला बर, म्हणजे कापताना उरलेली धारदार कोर, राहिला असेल तर मापही खोटे येते, म्हणून आधी बर काढा, मग जबडा लावा. टॅपिंगच्या, म्हणजे आतून आटे पाडायच्या, भोकावर तर दरवर्षी ठरलेले अपघात होतात. एम ८ च्या जाड आट्याला ६.८ मिमीचे ड्रिल, एम १० ला ८.५. थेट ८ चे ड्रिल घातले तर आटे पडतच नाहीत, आणि ६.५ चे घातले तर टॅप मोडून भोकातच बसतो. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, तेल घालत. टॅप गुण्यात उभा आहे ना, हे पहिल्या दोन आट्यांतच तपासायचे. नंतर तो सरळ होत नाही.

इलेक्ट्रिशियन म्हणजे वीजतंत्रीच्या परीक्षेत वेगळीच गंमत. स्विच न्यूट्रलमध्ये जोडला तरी दिवा लागतो आणि बंदही होतो. प्रशिक्षणार्थी खूश. पण स्विच बंद असताना होल्डरवर फेज जिवंतच असते, त्यामुळे परीक्षकाच्या लेखी ते काम फसलेले असते. दिवा लागणे हा पुरावा पुरेसा नाही; स्विच फेजमध्ये आहे, अर्थिंग सलग आहे, मेगरचे (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरचे) रीडिंग घेतले आहे, आणि हे सगळे पुरवठा देण्याआधी केले आहे, हे दिसले पाहिजे. वेल्डरच्या बाबतीत स्लॅग, म्हणजे जोडावर जमलेली मळी, न झाडता जॉब जमा करणे ही तशीच चूक. त्याखाली अंडरकट (जोडाच्या कडेची खाच) दडला असेल असाच अर्थ काढला जातो.

जॉबवर आपला बैठक क्रमांक पंच करायला विसरू नका. ठोकायचा कुठे, ते ड्रॉइंगवर किंवा केंद्रावर सांगतात. मापाच्या पृष्ठभागावर ठोकला तर तिथेच उंचवटा येतो.

तोंडी परीक्षेत बहुतेक प्रश्न हातातल्या जॉबवरचेच असतात: हे ड्रिल का घेतले, ही फाइल कोणत्या कटाची, हे माप किती आले. शेवटच्या प्रश्नाला "बरोबर आले" हे उत्तर नव्हे. आकडा सांगा, ड्रॉइंगपेक्षा ०.०६ ने कमी आला असेल तरीही. माप माहीत असणे हेही कौशल्यच धरले जाते.

निकालानंतर

राहिलेला विषय पुरवणी परीक्षेत देता येतो. त्यासाठी नोंद आणि शुल्क पुन्हा, संस्थेमार्फतच. दोन वर्षांच्या व्यवसायात परीक्षा दरवर्षी होते आणि राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र दोन्ही वर्षे सुटल्यावरच मिळते. पहिल्या वर्षाचा राहिलेला एक विषय दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासात विसरला जातो आणि मग प्रमाणपत्र अडून बसते.

प्रमाणपत्र डिजीलॉकरवर मिळते. निकाल लागूनही तिथे दिसत नसेल तर आधी आधारवरचे नाव व जन्मतारीख आणि प्रशिक्षणाच्या नोंदीतली नाव व जन्मतारीख समोरासमोर ठेवून पाहा. फरक सापडला की शाळेची गुणपत्रिका, आधार आणि वर्षाची गुणपत्रिका यांच्या प्रती जोडून प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या आणि आवक क्रमांकाची पोच घ्या. शिकाऊ उमेदवारीसाठी कंपनी हेच प्रमाणपत्र मागते, त्यामुळे ही तपासणी मुलाखतीच्या आदल्या रात्रीवर ढकलू नका.