भविष्याचं अनेकवचन

२६ जुलै २००५ चा विषय काढला की मुंबईत प्रत्येकाकडे सांगायला आपली एक आठवण असते. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७५ मिलिमीटरही पडला नाही. जुन्या मुंबईतल्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पाऊस धरून आखलेल्या होत्या, आणि तेही समुद्राला ओहोटी असेल असं मानून. त्या दुपारी मुसळधार पाऊस आणि भरती यांची गाठ पडली.

९४४ हा आकडा आधी कुणी सांगितला नव्हता याची मला खंत नाही, तो सांगणं शक्यच नव्हतं. खंत याची आहे की उद्याचा दिवस एकाच प्रकारचा असणार असं धरून आपण तो दगडविटांत पक्का बांधून टाकला होता.

मराठीत ‘भविष्य’ म्हटलं की आधी राशिभविष्य आठवतं. भविष्य बघतात, सांगतात, मग ते खरं ठरतं किंवा खोटं. या शब्दाचं अनेकवचन आपण बोलताना जवळजवळ कधीच करत नाही. ‘फ्यूचर्स थिंकिंग’ ही अभ्यासशाखा मात्र नावापासूनच अनेकवचनी आहे. पुढे काय होणार, हे सांगणं तिचं काम नाही. काय काय होऊ शकतं, त्यातलं आपल्याला काय हवं आणि त्यासाठी आज कोणता निर्णय बदलावा लागेल, हे ती पद्धतशीर विचारते.

परळला मी पदवीच्या मुलांच्या प्रकल्पांना मार्गदर्शन करतो. ‘२०४० ची मुंबई’ अशा विषयावरचे प्रकल्प दरवर्षी येतात, आणि त्यात बहुतेक वेळा आजचीच रेघ पुढे ओढलेली असते. आज मेट्रोच्या इतक्या मार्गिका आहेत, तेव्हा इतक्या होतील. मुलं हुशार असतात, मेहनतही करतात. त्यांना कुणी हत्यारं दिलेली नसतात, एवढंच.

यंदा एका गटाने लोकलचे दरवाजे हा विषय घेतला. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी गाडीतून पडले आणि त्यातल्या काहींचा जीव गेला. त्यानंतर रेल्वेने साध्या, म्हणजे एसी नसलेल्या लोकललाही आपोआप बंद होणारे दरवाजे बसवायचं ठरवलं. दारांना हवेसाठी झडपा, छतातून ताजी हवा आत सोडणारी यंत्रणा आणि एका डब्यातून दुसऱ्यात जायला वाट, अशी ती रचना. मुलांना ‘बंद दरवाज्यांचे फायदे-तोटे’ लिहायचे होते. मी म्हटलं, आधी चक्र काढू.

हे ‘फ्यूचर्स व्हील’ जेरोम ग्लेन यांनी १९७१ मध्ये मांडलं. कागद आणि पेन्सिल एवढीच सामग्री. मधल्या वर्तुळात बदल लिहायचा. त्याभोवती त्याचे थेट परिणाम. मग त्या प्रत्येक परिणामाला पुन्हा विचारायचं, ‘बरं, मग पुढे काय होईल?’ पहिल्या कड्यात जे येतं ते वर्तमानपत्रात आधीच छापून आलेलं असतं. प्रकल्पाचा जीव दुसऱ्या आणि तिसऱ्या कड्यात असतो, हे माझं अनुभवाअंती झालेलं ठाम मत आहे.

पहिल्या कड्यात मुलांनी लिहिलं की लोक पडणार नाहीत. बरोबर. दुसरं, दरवाजे लागल्याशिवाय गाडी सुटणार नाही. इथे डोंबिवलीहून येणारी एक मुलगी म्हणाली, ‘सर, माझी बॅग दारात अडकली तर?’ तिच्या त्या प्रश्नापासून एक फांदी निघाली. बॅग अडकते, दार पुन्हा उघडतं, थांबा काही सेकंदांनी लांबतो. गर्दीच्या वेळी गाडीमागे गाडी लागलेली असते, म्हणून ते सेकंद मागच्या प्रत्येक गाडीवर साचत जातात. तासाभरात एखादी फेरी कमी होते. जी माणसं दारात लटकून गेली असती ती फलाटावर उभी राहतात. फलाट भरला की जिना भरतो, जिना भरला की पूल.

इथे वर्ग गप्प झाला. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावरच्या चेंगराचेंगरीत २३ जण गेले. ते स्टेशन, आजचं प्रभादेवी, आमच्या शेजारचंच. चक्रात दिसत होतं की धोका नाहीसा न होता फुटबोर्डवरून पुलावर सरकू शकतो. ‘शकतो’ या शब्दाखाली मी दोन रेघा मारायला लावल्या. कारण त्याच चक्रात उलटी फांदीही होती: डबे आतून जोडले की गर्दी पुढेमागे पसरेल आणि चढणं-उतरणं सोपंही होईल. आणखी फांद्या निघाल्या. डबे जोडले तर लेडीज डब्याची हद्द कशी राखणार? डबेवाल्यांच्या लगेज डब्याचं दार किती रुंद लागेल? मे महिन्यात दारातून येणारा वारा बंद झाल्यावर छतातली हवा पुरेल का? दरवाजे नकोत, असा याचा अर्थ कुणी काढू नये. ते हवेतच. त्यांच्यासोबत पूल, जिने आणि सिग्नल यांचा हिशेब त्याच दिवशी मांडायला हवा, असं चक्र सांगतं.

चक्र एका बदलापासून बाहेर पसरतं. पण आपल्या हातात नसलेल्या गोष्टींचं काय? त्यासाठी सिनारिओ असतात, म्हणजे पुढे घडू शकणाऱ्या वेगवेगळ्या परिस्थितींच्या कथा. तेल कंपनी शेलमध्ये पियेर वाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ च्या तेलसंकटाआधीच ‘तेल अचानक महागलं तर’ या शक्यतेची कथा व्यवस्थापकांपुढे मांडली होती. तारीख त्यांना ठाऊक नव्हती, पण कंपनी त्या परिस्थितीचा विचार आधी करून बसली होती.

आम्ही दोन अनिश्चित गोष्टी घेतल्या: सिग्नल यंत्रणा सुधारून गाड्या वाढतील की नाही, आणि कचेऱ्या एकवटून राहतील की ठाणे, नवी मुंबई अशा पसरतील. दोन्ही आडव्या-उभ्या ठेवल्या की चार चौकटी होतात. प्रत्येक चौकटीत एका माणसाची सकाळ लिहायची. एक मुलगा म्हणाला, कचेऱ्या कशा हलतील? त्याला खिडकीबाहेर बघायला सांगितलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्याआधी परळची गर्दी भोंग्यावर आणि तीन पाळ्यांवर चालायची. १९८० मध्ये कुणी परळ स्टेशनची पुढची चाळीस वर्षं आखली असती तर पाळ्यांचं वेळापत्रक धरूनच आखली असती. आज गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती आहेत आणि गर्दी सकाळी आणि संध्याकाळी उसळते. त्या मुलाचे आजोबा गिरणीत होते. त्याची चौकट सगळ्यांत चांगली उतरली.

हव्या असलेल्या भविष्यापासून मागे मागे येत आजपर्यंत पोचायचं, ही ‘बॅककास्टिंग’ पद्धत. तिचं उदाहरण खाडीपलीकडेच आहे. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकात मांडलं की सगळं काम बेटाच्या दक्षिण टोकाला कोंबण्यापेक्षा खाडीपलीकडे नवं शहर उभारावं. १९७० मध्ये ते शहर, म्हणजे नवी मुंबई, वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. पण मानखुर्द-वाशी रेल्वे सुरू व्हायला १९९२ उजाडलं, सरकारचं मुख्यालय मुंबईतच राहिलं आणि मधल्या काळात नरिमन पॉइंटला मनोरे चढत गेले. कल्पना दूरदृष्टीची होती, पायऱ्यांचा क्रम मात्र पाळला गेला नाही. बॅककास्टिंगमध्ये नेमकं तेच तपासतात: कोणती पायरी आधी आली नाही तर पुढची निरर्थक ठरते?

शेवटी मुलांना त्यांच्याच प्रकल्पाचं प्रीमॉर्टेम करायला लावलं. ही गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाची युक्ती. मार्च महिना आहे, प्रकल्प फसला आहे, का फसला ते प्रत्येकाने दोन ओळींत लिहायचं. ‘फसेल का?’ असं विचारलं की मुलं मान हलवतात. ‘फसला आहे’ म्हटलं की लिहू लागतात. पाच चिठ्ठ्यांपैकी तिघांनी एकच कारण लिहिलं: फलाटावर कॅमेरा लावायची परवानगी वेळेत मिळाली नाही.

म्हणून कॅमेरा सोडला. आता दर मंगळवारी सकाळी ती पाच जणं परळच्या फलाटावर उभी राहतात, साध्या लोकलचा थांबा आणि दादरला जाऊन एसी लोकलचा थांबा मनगटी घड्याळावर मोजतात, आणि वहीत दोन रकाने भरतात. दरवाज्यांची नवी साधी लोकल धावू लागली की तिसरा रकाना सुरू होईल. त्याची जागा त्यांनी आखून ठेवली आहे.